कार रिकॉल म्हणजे काय? तुमच्या गाडीची एअरबॅग आणि सीट बेल्ट मोबाईलवरून कसे तपासायचे?



गेल्या वर्षी एका रविवारी मी नालासोपाऱ्यात आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये उभा होतो. कुठेतरी रिकॉलबद्दल वाचलं होतं, म्हणून सहज आमच्या गाडीचा चॅसिस नंबर कंपनीच्या वेबसाइटवर टाकून पाहिला. दोन सेकंदांत उत्तर आलं: या गाडीवर रिकॉल बाकी आहे. खराब भाग: पुढच्या प्रवाशाची एअरबॅग.

ही गाडी आम्ही हायवेवरच्या एका डीलरकडून सेकंड हँड घेतली होती. घेऊन दोन वर्षं झाली होती. दोन वर्षं त्या सीटवर माझी आई बसत होती. त्याच गाडीने आम्ही दोनदा गणपतीला कणकवलीला जाऊन आलो होतो.

सर्व्हिस सेंटरला फोन केला तेव्हा कळलं की रिकॉल जुना आहे. कंपनीने पत्र पाठवलं होतं, फोनही केले होते, पण ते सगळं गेलं पहिल्या मालकाकडे. त्याने गाडी विकली, पत्र कचऱ्यात गेलं. डीलरला माहीत होतं की नव्हतं, हे आम्हाला कधीच कळलं नाही. पार्ट येईपर्यंत आई मागे बसली, बेल्ट लावून. मग दीड तासात काम झालं. बिल शून्य रुपये.

सांगायचा मुद्दा हा की जे काम फुकटात आणि दीड तासात होणार होतं, ते केवळ माहिती नसल्यामुळे दोन वर्षं राहिलं. तुमच्या घरच्या गाडीचं असं होऊ नये म्हणून हा लेख. यात आपण बघूया रिकॉल म्हणजे काय, एअरबॅग खराब कशी होते, वसई-विरारमध्ये राहणाऱ्यांनी जास्त लक्ष का द्यायचं, आणि मोबाईलवर पाच मिनिटांत गाडी कशी तपासायची.

## रिकॉल म्हणजे नेमकं काय?

गाडी विकल्यानंतर कंपनीच्या लक्षात आलं की एखाद्या बॅचमध्ये बसवलेला पार्ट सदोष आहे, तर कंपनी त्या सगळ्या गाड्या परत बोलावते, तपासते आणि पार्ट फुकट बदलून देते. यालाच रिकॉल म्हणतात. गाडी कायमची परत घेत नाहीत, फक्त दुरुस्तीसाठी बोलावतात.

रिकॉल आणि नेहमीची सर्व्हिसिंग या वेगळ्या गोष्टी आहेत. ऑइल, ब्रेक पॅड हे वापराने झिजतं, त्याचे पैसे आपण देतो. रिकॉलमधला दोष कारखान्यातूनच आलेला असतो, म्हणून खर्च कंपनीचा. बहुतेक वेळा वॉरंटी संपलेली असली किंवा गाडी दुसऱ्या-तिसऱ्या हातात असली तरी फरक पडत नाही, कारण रिकॉल गाडीवर असतो, मालकावर नाही.

आपल्याकडची काही उदाहरणं बघा:

- जानेवारी २०२३: मारुती सुझुकीने १७,३६२ गाड्या एअरबॅग कंट्रोलर तपासण्यासाठी बोलावल्या. यात ऑल्टो के१०, एस-प्रेसो, ईको, ब्रेझा, बलेनो, ग्रँड विटारा होत्या. पार्ट बदलेपर्यंत गाडी चालवू नका, असंही कंपनीने सांगितलं होतं.
- त्याच महिन्यात ११,१७७ ग्रँड विटारा मागच्या सीट बेल्टच्या ब्रॅकेटसाठी बोलावल्या.
- डिसेंबर २०२२: पुढच्या सीट बेल्टच्या एका भागासाठी ९,१२५ गाड्या.
- जानेवारी २०१८: होंडा कार्स इंडियाने टकाटा कंपनीच्या एअरबॅग बदलण्यासाठी २२,८३४ गाड्या बोलावल्या. त्यातल्या २२,०८४ एकट्या सिटी होत्या.

ही यादी वाचून 'अरे, या कंपन्या बेकार आहेत' असं वाटू शकतं. मलाही वाटलं होतं. पण थांबा, टकाटाची गोष्ट वाचा, मग ठरवा.

## एअरबॅग काम कशी करते?

गाडीच्या पुढच्या भागात सेन्सर असतात. जोरात धडक बसली की ते एका छोट्या कंप्युटरला सिग्नल देतात. हा कंप्युटर बऱ्याच गाड्यांमध्ये गिअरच्या आसपास, मधल्या कन्सोलखाली असतो. त्याने हुकूम दिला की इन्फ्लेटर नावाच्या धातूच्या डब्यात रसायन पेटतं, गॅस तयार होतो आणि नायलॉनची पिशवी फुगते. हे सगळं डोळ्याची पापणी लवण्याच्या आत होतं.

म्हणजे एअरबॅग हा एक छोटा, ताब्यात ठेवलेला स्फोट आहे. आणि इथेच सगळी अडचण आहे. ब्रेक आपण रोज दाबतो, खराब झाला तर पायाला कळतं. हॉर्न बिघडला तर ऐकू येत नाही. पण एअरबॅग चालते की नाही, हे आपण वापरून बघू शकत नाही. ती एकदाच उघडते, आणि तेव्हा दुसरी संधी नसते. म्हणून हा पार्ट आपण पूर्णपणे विश्वासावर विकत घेतो.

## टकाटा: विश्वास कसा तुटला?

टकाटा ही १९३३ साली सुरू झालेली जपानी कंपनी. सीट बेल्ट आणि एअरबॅग बनवण्यात जगातलं मोठं नाव. होंडा, टोयोटा, बीएमडब्ल्यू, फोर्ड अशा कितीतरी कंपन्या तिच्याकडून माल घेत.

टकाटाने इन्फ्लेटरमध्ये अमोनियम नायट्रेट वापरलं. ते स्वस्त होतं. पण वर्षानुवर्षं ओलावा आणि उष्णता लागली की ते आतून बदलत जातं. मग धडकेच्या वेळी ते हवं त्यापेक्षा खूप वेगाने जळतं, दाब वाढतो, धातूचा डबा फुटतो आणि त्याचे तुकडे गोळीसारखे माणसाच्या अंगात घुसतात. जीव वाचवायचा पार्टच जीव घेतो. साध्या धडकेत, ज्यातून माणूस सहज वाचला असता, अशा अपघातात लोक गेले.

एकट्या अमेरिकेत २८ मृत्यू आणि ४०० च्या वर जखमी नोंदले गेले. तिथे सुमारे ६ कोटी ७० लाख इन्फ्लेटर रिकॉल झाले. जगभरात हा आकडा १० कोटींच्या वर जातो. वाहन उद्योगाच्या इतिहासातला हा सगळ्यात मोठा रिकॉल मानला जातो.

पण लोकांचा खरा संताप झाला तो वेगळ्याच गोष्टीमुळे. टकाटाने चाचण्यांचे आकडे बदलून गाडी कंपन्यांना दाखवले होते. जानेवारी २०१७ मध्ये कंपनीने अमेरिकेत गुन्हा कबूल करायची तयारी दाखवली आणि १०० कोटी डॉलरचा दंड व भरपाई मान्य केली. त्याच वर्षी जूनमध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली.

आता वरची यादी पुन्हा बघा. दोष सापडला आणि कंपनीने 'गाडी चालवू नका, आणून द्या' असं जाहीर सांगितलं, ही एक गोष्ट. दोष माहीत असून आकडे बदलले, ही दुसरी. कारखान्यात चूक कुणाचीही होईल. सांगितलेली चूक दुरुस्त होते, लपवलेली चूक माणूस मारते. म्हणून एखाद्या कंपनीने किती रिकॉल केले यापेक्षा ते किती लवकर केले, ग्राहकाला शोधून काढलं का, हे बघा. एकही रिकॉल न करणारी कंपनी निर्दोष असतेच असं नाही. कदाचित तिने शोधलंच नसेल.

## वसई-विरारकरांनी जास्त लक्ष का द्यायचं?

याची तीन कारणं आहेत.

१. दमट हवा. अमेरिकेत टकाटाच्या गाड्या बोलावताना उष्ण आणि दमट किनारी भागातल्या गाड्या आधी घेतल्या, कारण तिथे धोका जास्त होता. आपल्या अर्नाळा, राजोडी, भुईगावच्या पट्ट्यातली हवा त्याच जातीची. चार महिने पाऊस, बाकीचे आठ महिने घाम. गाडी बहुतेक वेळा उघड्यावर उभी, मे महिन्यात आतला डॅशबोर्ड हात लावता येणार नाही इतका तापलेला.

२. पाणी भरणं. जुलै २०१८ चा पाऊस आठवतोय? नालासोपाऱ्याला रूळ पाण्याखाली, लोकल बंद, ग्राउंड फ्लोअरला पाणी. अशा वेळी गाडीत फ्लोअरच्या वर पाणी गेलं तर मी मघाशी सांगितलेला एअरबॅगचा कंप्युटर, सीटखालच्या वायरी आणि कनेक्टर भिजतात. आज सुकून चालतात, वर्षभराने गंजतात. अशी गाडी धुऊन-पुसून विकायला येते. इंजिन छान चालतं, एसी गार करतो, आणि एअरबॅग गेलेली असते.

३. हायवे. आपल्या गाडीवर एमएच-४८ आणि आपला रस्ता पण राष्ट्रीय महामार्ग ४८. वर्सोवा पूल, चिंचोटी, शिरसाड, मनोर, चारोटी. कंटेनर आणि ट्रेलरच्या मधून आपण रोज जातो. इथे एअरबॅग आणि बेल्टची गरज खरोखर पडते.

याच महामार्गावर, आपल्याच पालघर जिल्ह्यात, ४ सप्टेंबर २०२२ रोजी चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर टाटा सन्सचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री यांचा अपघात झाला. त्यानंतर कितीतरी दिवस आमच्याकडे एकच चर्चा, 'एवढी महागडी गाडी, तरी काही उपयोग नाही!' पण मागे बसलेल्या दोघांनी सीट बेल्ट लावले नव्हते, असं पोलिसांनी सांगितलं. ते दोघे गेले. पुढे बसलेले दोघे गंभीर जखमी झाले, पण वाचले. म्हणजे दर वेळी दोष पार्टचाच असतो असं नाही. पार्ट चांगला असून वापरला नाही, तरी परिणाम तोच.

## मोबाईलवर गाडी कशी तपासायची? स्टेप बाय स्टेप

स्टेप १: चॅसिस नंबर शोधा. हा १७ अक्षरी-अंकी नंबर असतो. आरसी बुकवर मिळेल. एमपरिवहन किंवा डिजीलॉकर अ‍ॅपमध्ये आरसी जोडली असेल तर तिथेही. गाडीवर तो ड्रायव्हरच्या दाराजवळच्या खांबावर, काचेखाली किंवा इंजिनजवळ कोरलेला असतो. त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरं नसतात, म्हणून गोल दिसलं की शून्य समजा. मारुतीचा नंबर बऱ्याचदा 'एमए३' ने सुरू होतो, ह्युंदाईचा 'एमएएल' ने, टाटाचा 'एमएटी' ने.

स्टेप २: आरसीवरचा आणि गाडीवरचा नंबर जुळवा. एक अक्षर जरी वेगळं असलं तरी पुढे जाऊ नका. विकणाऱ्याला विचारा.

स्टेप ३: कंपनीच्या अधिकृत वेबसाइटवर जा. तिथे रिकॉल, सर्व्हिस कॅम्पेन किंवा ग्राहकांसाठी महत्त्वाची माहिती अशा नावाचं पान असतं. नंबर टाका. पान सापडलं नाही तर कंपनीच्या ग्राहक सेवा क्रमांकावर फोन करा किंवा जवळच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला नंबर सांगा. ते पाहून देतात, त्याचे पैसे लागत नाहीत.

स्टेप ४: स्क्रीनशॉट काढून ठेवा. तारीख दिसेल असा. पुढे वाद झाला तर हाच पुरावा.

स्टेप ५: सर्व्हिस सेंटरच्या रेकॉर्डमध्ये तुमचा मोबाईल नंबर टाका. गाडी सेकंड हँड असेल तर हे सगळ्यात महत्त्वाचं काम. आरसी नावावर झाली म्हणून कंपनीकडे नंबर आपोआप बदलेल असं धरू नका. आमच्याकडे इथेच चुकलं होतं.

स्टेप ६: दर सहा महिन्यांनी पुन्हा बघा. रिकॉल कधीही येऊ शकतो. पावसाळ्याआधी आणि दिवाळीला, असं लक्षात ठेवा.

सावध राहा: रिकॉलच्या नावाने व्हॉट्सअ‍ॅपवर लिंक किंवा एपीके फाइल आली तर उघडू नका. रिकॉलसाठी कंपनी ओटीपी मागत नाही, आगाऊ पैसे मागत नाही. वेबसाइट नेहमी स्वतः टाइप करून उघडा.

## गाडीत बसून करायच्या पाच तपासण्या

१. एअरबॅगचा लाइट. चावी ऑन करा. मीटरमध्ये एअरबॅगचं चिन्ह काही सेकंद पेटून विझलं पाहिजे. पेटून राहिलं तर सिस्टीममध्ये दोष आहे. अजिबात पेटलंच नाही तर जास्त संशय घ्या, कारण एअरबॅग नसताना लाइट दाबून टाकायचे जुगाड बाजारात चालतात.

२. बेल्ट पूर्ण बाहेर ओढा. शेवटपर्यंत. आतल्या भागावर चिखलाची रेघ किंवा पाण्याचा डाग दिसला तर गाडी पाण्यात होती असं समजा. बऱ्याच गाड्यांत बेल्टच्या खालच्या टोकाला बनवल्याची तारीख असते. ती गाडीच्या वर्षाशी जुळते का बघा. बेल्ट नंतरचा असेल तर अपघात झाला असू शकतो.

३. बेल्टला झटका द्या. जोरात ओढला की लॉक झाला पाहिजे. हळू ओढला की सुटला पाहिजे. मागच्या सीटचेही बघा.

४. स्टिअरिंग आणि डॅशबोर्डचं कव्हर. रंग वेगळा, फट, चिकटवल्याच्या खुणा दिसल्या तर आत खरी एअरबॅग आहे का, हा प्रश्न पडलाच पाहिजे. २०२४ मध्ये दिल्ली पोलिसांनी बनावट एअरबॅग बनवणारी टोळी पकडली. ९०० च्या वर बॅग सापडल्या, आणि त्या वेगवेगळ्या नामांकित ब्रँडच्या नावाने होत्या. अपघातानंतर स्वस्तात दुरुस्त केलेल्या गाडीत काय बसवलंय, हे बाहेरून कळत नाही.

५. सीटची रेल आणि कार्पेट. सीटखाली मोबाईलचा टॉर्च मारा. गंज, माती, कुबट वास असेल तर किंमत कमी करून घेऊ नका, गाडीच घेऊ नका.

आणि हो, पाचशे-हजाराचा ब्लूटूथ स्कॅनर लावून 'एरर नाही' दिसलं म्हणून खूश होऊ नका. असे स्कॅनर बहुतेक वेळा फक्त इंजिनचे कोड वाचतात. एअरबॅगचे कोड अधिकृत सर्व्हिस सेंटरच्या मशीनवर तपासून घ्या.

## आपणच करतो त्या चुका

रिकॉल सापडल्यावर पप्पांची पहिली प्रतिक्रिया होती, 'कंपनीची गाडी आहे, काय होतंय?' मी टकाटाचं सांगितल्यावर ते एकदम दुसऱ्या टोकाला गेले: 'मग ती एअरबॅग काढूनच टाकू. दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून प्यावं.' ओळखीतला एक गॅरेजवाला तर वायर काढून द्यायला तयारच होता.

हे करू नका. सदोष एअरबॅग बदलायची असते. ती काढून टाकणं म्हणजे गॅस गळतो म्हणून लाकडं पेटवून स्वयंपाक करण्यासारखं आहे. चांगली एअरबॅग आणि बेल्ट मिळून जीव वाचवतात, यात शंका नाही.

बाकीच्या चुका:

- बेल्ट न लावता एअरबॅगवर भरवसा. एअरबॅग बेल्ट लावलेल्या माणसासाठी बनवलेली असते. बेल्ट नसेल तर माणूस पुढे फेकला जातो आणि उघडणाऱ्या बॅगवरच आपटतो.
- अलार्म बंद करायची क्लिप. बेल्टच्या खाचेत घालायची ती पट्टी. २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच ऑनलाइन शॉपिंग साइटना ती काढायला लावली आणि १३,११८ लिस्टिंग हटल्या. तुमच्या गाडीत असेल तर आजच फेकून द्या.
- डॅशबोर्डवर मूर्ती. आमच्याकडे बाप्पा बरोबर एअरबॅगच्या झाकणावर चिकटवलेला होता. एअरबॅग उघडली की ती मूर्ती थेट समोरच्याच्या तोंडावर येणार. आता बाप्पा मधल्या बाजूला, छोट्या स्टिकरच्या रूपात आहेत. आईने आधी कुरकुर केली, मग तिनेच जागा निवडली.
- पुढच्या सीटवर मूल. डिसेंबर २०२४ मध्ये नवी मुंबईत वाशीला एअरबॅग उघडून सहा वर्षांच्या मुलाचा जीव गेला. तो पुढे बसलेला होता. एअरबॅग मोठ्या माणसाच्या उंचीसाठी असते. लहान मुलं नेहमी मागे, योग्य सीटवर. मांडीवर तर अजिबात नाही.
- जाड सीट कव्हर आणि पुढचा लोखंडी गार्ड. सीटमध्ये साइड एअरबॅग असेल तर कव्हर तिला अडवतं. गार्डमुळे धडकेचा सिग्नल सेन्सरपर्यंत नीट पोचत नाही.

## कायदा काय सांगतो?

पूर्वी आपल्याकडे रिकॉल कंपनीच्या मर्जीवर होता. जुलै २०१२ मध्ये वाहन कंपन्यांच्या संघटनेने, म्हणजे सियामने, ऐच्छिक रिकॉलचा नियम केला. मग २०१९ च्या मोटर वाहन दुरुस्ती कायद्याने सरकारला सक्तीने रिकॉल करायला लावायचा अधिकार दिला. त्याचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. सक्तीचा रिकॉल झाला तर कंपनीला १० लाख ते १ कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

तुम्ही स्वतः परिवहन मंत्रालयाच्या वाहन पोर्टलवरच्या रिकॉल विभागात तक्रार नोंदवू शकता. एका मॉडेलच्या विक्रीच्या मानाने ठराविक संख्येपेक्षा जास्त तक्रारी आल्या की चौकशी होते. म्हणून 'माझ्या एकट्याच्या तक्रारीने काय होणार' असं म्हणू नका. तुमच्यासारख्या बाकीच्यांच्या तक्रारीत तुमची एक मिळते, तेव्हाच तो आकडा गाठला जातो.

एक अडचण मात्र आहे. हा सक्तीचा नियम सात वर्षांपेक्षा कमी वयाच्या गाड्यांसाठी आहे. टकाटासारखा दोष ओलाव्याने हळूहळू तयार होतो, बरीच वर्षं गेल्यावर दिसतो. वसई-विरारमधल्या सेकंड हँड बाजारात फिरणाऱ्या दहा-बारा वर्षांच्या गाड्या या नियमाच्या बाहेर राहतात. तिथे कंपनीचा ऐच्छिक रिकॉल आणि आपली स्वतःची तपासणी, एवढंच हातात उरतं. ऑस्ट्रेलियाने २०१८ मध्ये टकाटाच्या एअरबॅगसाठी सक्तीचा देशव्यापी रिकॉल लावला आणि गाड्या शोधून शोधून काम पूर्ण करून घेतलं. आपल्याकडेही जुन्या गाड्यांचा विचार व्हायला हवा, असं मला वाटतं.

## अपघातात एअरबॅग उघडलीच नाही तर?

आधी हे समजून घ्या की दर धडकेत एअरबॅग उघडत नाही. मागून धक्का बसला, धडक हलकी असली तर ती उघडायची नसते. पण समोरून जोरात धडक बसूनही उघडली नाही, तर तुम्ही दाद मागू शकता.

यावर सर्वोच्च न्यायालयाचा २० एप्रिल २०२२ चा निकाल महत्त्वाचा आहे. दिल्लीतल्या एका ग्राहकाने २०१५ मध्ये ह्युंदाई क्रेटा घेतली होती. नोव्हेंबर २०१७ मध्ये दिल्ली-पानिपत हायवेवर अपघात झाला, एअरबॅग उघडल्या नाहीत, तो जखमी झाला. कंपनीचं म्हणणं होतं की धडक तेवढी जोरदार नव्हती. न्यायालयाने ते मानलं नाही. धडकेचा वेग आणि जोर यांचं गणित मांडायला ग्राहक काही भौतिकशास्त्राचा तज्ज्ञ नसतो, असं न्यायालयाने स्पष्ट केलं. एकूण ३ लाख रुपये भरपाई आणि गाडी बदलून देण्याचा आदेश कायम राहिला.

तुमच्यावर वेळ आली तर हे करा:

- गाडी दुरुस्तीला देण्याआधी सगळ्या बाजूंनी फोटो आणि व्हिडिओ काढा. मीटरवरचे लाइटही घ्या.
- पोलीस पंचनामा, हॉस्पिटलची कागदपत्रं, इन्शुरन्स सर्व्हेयरचा रिपोर्ट जपून ठेवा.
- जुने पार्ट भंगारात जाऊ देऊ नका. तपासणी होईपर्यंत तोच पुरावा आहे.
- कंपनीला ईमेलने लेखी तक्रार करा. फोनवरचं बोलणं पुरावा म्हणून टिकत नाही.
- राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा.
- तरी काम झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या अर्ज करता येतो. मुदत दोन वर्षांची आहे.

## नेहमी विचारले जाणारे प्रश्न

रिकॉल असलेली गाडी चालवली तर चालेल का?
रिकॉलच्या सूचनेत काय लिहिलंय ते बघा. 'चालवू नका' असेल तर खरंच चालवू नका, टोइंगबद्दल कंपनीला विचारा. तसं लिहिलेलं नसेल तरी त्या सीटवर कुणाला बसवू नका.

मी दुसरा मालक आहे. फुकट होईल का?
आमचं झालं. चॅसिस नंबर आणि आरसी एवढंच लागलं.

सर्व्हिस सेंटरने पार्ट नाही सांगितलं तर?
बुकिंगचा लेखी पुरावा घ्या आणि कंपनीच्या मुख्य ग्राहक सेवेला ईमेल करा. दर आठवड्याला आठवण करा.

जास्त स्टार मिळालेली गाडी म्हणजे रिकॉलची भीती नाही?
भारत एनकॅप ऑक्टोबर २०२३ पासून सुरू आहे आणि ते चांगलंच आहे. पण स्टार मिळतात ते मॉडेलच्या डिझाइनला. तुमच्या गाडीतला पार्ट कोणत्या बॅचचा आहे, हे स्टार सांगत नाहीत.

## शेवटी एवढंच

पप्पांनी मला विचारलं होतं, 'मग आता भरवसा कुणावर ठेवायचा?' मी त्यांना सांगितलं की कंपनीवर ठेवा, पण चॅसिस नंबर टाकून. डीलरवर ठेवा, पण बेल्ट शेवटपर्यंत ओढून. आपण भाजी घेताना भेंडी मोडून बघतो, मग सात-आठ लाखांची गाडी घेताना पाच मिनिटं काढायला काय हरकत आहे?

आता मोबाईल हातात आहेच, तर हा लेख बंद करायच्या आधी घरच्या गाडीची आरसी काढा आणि नंबर टाकून बघा. काही नाही निघालं तर उत्तम. आणि ओळखीत कुणी सेकंड हँड गाडी घेतली असेल, तर त्यांना हे नक्की पाठवा. त्यांच्या गाडीचं पत्र कदाचित अजून कुणा दुसऱ्याच्याच पत्त्यावर जात असेल.